हिरडा घरात आणताना: झाड ओळखण्यापासून सहाणेवर उगाळण्यापर्यंत

काष्ठौषधींच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा "पाव किलो हिरडा द्या" एवढंच म्हणाले. दुकानदारांनी विचारलं, "कुठला? बाळ की सुरवारी?" मला उत्तर देता आलं नाही. आजीच्या डब्यात काळे, सुरकुतलेले, मोठ्या मनुकांसारखे हिरडे असायचे, एवढंच आठवत होतं. दुकानदारांनी दाखवलेलं फळ मात्र पिवळट तपकिरी, चांगलं अंगठ्याएवढं होतं. मी तेच घेऊन आले आणि आजीच्या पद्धतीने वापरायला गेले. दोन दिवस पोटाने त्याची शिक्षा भोगली.

त्यानंतर बरीच वर्षं जुन्नर, आंबेगाव, अकोले भागातल्या डोंगरात जाते आहे, तिथल्या माणसांकडून आणि वैद्यांकडून शिकते आहे. आयुर्वेदाकडे नव्याने वळलेले लोक बहुतेक त्रिफळा चूर्णाच्या डबीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. डबीतल्या पुडीत हिरडा, बेहडा, आवळा अशी तीन फळं आहेत हे माहीत असतं, पण त्यातलं एकही फळ अख्खं पाहिलेलं नसतं. माझा आग्रह असा की हिरडा पुडीतून नको, फळ हातात घेऊन शिकावा. त्यासाठी हा क्रम.

आधी झाड पाहून या

हिरड्याचं शास्त्रीय नाव टर्मिनालिया चेबुला. ऐन, अर्जुन, किंजळ, बेहडा ही सगळी याच कुळातली, सह्याद्रीत एकमेकांच्या शेजारी उभी असणारी भावंडं. त्यामुळे नवख्याची गल्लत होते. हिरडा भारत, श्रीलंका, नेपाळपासून म्यानमार आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत पसरलेला आहे. आपल्याकडे भीमाशंकरचा पट्टा, नाणेघाट, हरिश्चंद्रगडाचा परिसर, महाबळेश्वर इथे तो भरपूर दिसतो. भोर तालुक्यातल्या हिरडस मावळाच्या तर नावातच हिरडा आहे.

चांगल्या जंगलात हे झाड पंचवीस मीटरपर्यंत जातं. पण घाटमाथ्यावर, वाऱ्याच्या तोंडाला आणि कातळावर वाढलेला हिरडा बुटका आणि वाकडातिकडा असतो. म्हणून उंचीवर जाऊ नका, पान हातात घ्या. पानं बहुतेक समोरासमोर येतात, लांबट अंडाकृती असतात. देठ जिथे पानाला मिळतो त्याच्या किंचित खाली दोन बारीक गाठी असतात. बोटाने चाचपल्या की लागतात. कोवळ्या पानांवर रेशमासारखी मऊ लव असते. साल काळपट तपकिरी, भेगाळलेली.

बेहड्याची पानं फांद्यांच्या टोकाला झुबक्याने येतात आणि फळ गोलसर, मखमली असतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटीची, अर्जुनाची गुळगुळीत आणि पांढुरकी. ऐन आणि अर्जुन या दोघांच्या फळांना पाच पंख असतात. हिरड्याच्या फळाला पंख नाहीत. ओलं असताना ते गुळगुळीत, हिरवंपिवळं असतं आणि वाळलं की त्यावर पाच ठळक कंगोरे उमटतात. हे पाच कंगोरे लक्षात ठेवा, दुकानातही उपयोगी पडतील.

उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडाला पिवळट पांढरे तुरे येतात. त्यांचा वास उग्र असतो, काहींना नकोसा वाटतो. एकदा तो वास नाकात बसला की मार्च-एप्रिलमध्ये डोळे मिटूनही हिरडा सापडतो.

एक सूचना मात्र मनापासून: भीमाशंकर 1985 पासून अभयारण्य आहे. तिथे आणि कुठल्याही जंगलात जाऊन आपण फळं तोडायची नाहीत. पाहायचं, हात लावायचा, खाली पडलेलं फळ उचलून निरखायचं. गोळा करण्याचा हक्क आणि कष्ट तिथल्या लोकांचे आहेत.

बाळ, चांभारी, सुरवारी

तिन्ही फळं एकाच झाडाची. फरक वयाचा आणि आकाराचा.

बाळहिरडा म्हणजे आठळी धरायच्या आधीच काढलेलं कोवळं फळ. वाळवलं की ते काळंभोर, सुरकुतलेलं होतं आणि फोडलं तर आत आठळी सापडत नाही. आजीच्या डब्यातला तो हाच. हा सौम्य मानतात.

चांभारी हिरडा मध्यम वाढलेला. नाव कातडी कमावण्याच्या धंद्यावरून पडलं, कारण हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं, वाळलेल्या फळाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. ब्रिटिश काळात मुंबईहून कातडी कमावण्यासाठी हिरडा विलायतेला जायचा आणि त्या व्यापारात मालाच्या एका प्रतीला वेंगुर्ल्याचं नाव होतं. कलमकारीचं कापडही रंगवण्याआधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात बुडवतात, तेव्हा कुठे रंग धरतो.

सुरवारी हिरडा म्हणजे पूर्ण पिकलेलं, मोठं, गरदार फळ. औषधी चूर्णासाठी, त्रिफळ्यासाठी हा घ्यायचा. मी पहिल्यांदा आणला तो हाच आणि बाळहिरड्याच्या मापाने पोटात घेतला. तिथेच चुकले.

जुन्या ग्रंथांत विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती, चेतकी अशा सात जाती सांगितल्या आहेत. त्या वाचायला सुंदर आहेत, पण आजच्या बाजारात त्या नावांनी काही मिळत नाही. कुणी "अस्सल चेतकी" म्हणून दामदुप्पट भाव सांगितला तर सरळ पुढच्या दुकानात जा.

दुकानात काय तपासायचं

चूर्ण घेऊ नका, अख्खं फळ घ्या. दळलेल्या हिरड्यात आठळीही दळली आहे की नाही, फळ किडकं होतं की नाही, काहीच कळत नाही. आठळी दळली तर वजन वाढतं आणि औषध पातळ होतं. औषधाला फक्त वरची साल, म्हणजे गराचा वाळलेला भाग लागतो.

सोळाव्या शतकातले आयुर्वेदाचे ग्रंथकार भावमिश्र यांनी चांगल्या हिरड्याची जी पारख दिली आहे ती आजही तशीच्या तशी चालते: नवा, स्निग्ध, भरीव, गोलसर, जड आणि पाण्यात टाकला तर बुडणारा. फळ दोन कर्ष भरलं तर उत्तम, म्हणजे साधारण दोन तोळे. इतकं मोठं फळ हल्ली क्वचित मिळतं, पण बुडण्याची परीक्षा कुणालाही घरी करता येते. वाटीभर पाण्यात चार फळं टाका. तरंगली तर ती पोकळ किंवा किडलेली आहेत.

मग एक फळ फोडा. साल जाड आणि आठळीपासून सुटणारी हवी. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली किंवा फोडल्यावर बारीक भुकटी गळाली तर आत कीड आहे. कुबट वास म्हणजे पावसात भिजून बुरशी धरलेला माल. एक तुकडा जिभेवर ठेवा. आधी कडकडीत तुरट लागेल, मग कडवट, आणि थोड्या वेळाने मागे किंचित गोडवा राहील. हिरड्यात खारट सोडून बाकी पाचही चवी आहेत असं आयुर्वेद सांगतो. पहिल्या दिवशी तुम्हाला तुरटच कळेल. जीभ सरावली की बाकीच्याही लागतात, मला आंबट कळायला बरेच महिने गेले.

पहिल्या खेपेला शंभर ग्रॅम सुरवारी आणि पन्नास ग्रॅम बाळहिरडा पुरे.

तो तुमच्यापर्यंत कसा आला, हेही माहीत असू द्या

वैशाखात घाटमाथ्यावर गेलात तर घरांसमोर, कातळावर, जुन्या साड्यांवर हिरडा वाळत घातलेला दिसेल. जुन्नर, आंबेगाव, अकोल्याच्या पश्चिम भागातल्या महादेव कोळी कुटुंबांचं वर्षाचं रोख उत्पन्न बऱ्याच अंशी या महिनाभरावर असतं. भात घरी खायला होतो, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि पावसाळ्याच्या किराण्याचा पैसा हिरड्यातून येतो. माणसं झाडाच्या शेंड्यापर्यंत चढून कोवळं फळ काढतात. काम जोखमीचं, घसरून पडण्याचे प्रसंग घडतात. आणि फळ वाळत असताना वळवाचा पाऊस आला तर सगळी मेहनत काळी पडते.

जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा या भागातल्या हिरड्याचं मोठं नुकसान झालं. आंबा-काजूच्या नुकसानीची भाषा सगळ्यांना समजते, पण हिरडा हे पीक मानायचं की वनोपज, या घोळात भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं मागणी लावून धरावी लागली, आंदोलनं करावी लागली. आदिवासी विकास महामंडळाची खरेदी सुरू असली तर भावाला थोडा आधार मिळतो, नाहीतर खासगी व्यापारी देईल तो भाव. म्हणून डोंगरात ओळख निघाली आणि थेट त्यांच्याकडून घेता आला, तर घासाघीस करू नका. मी करत नाही.

थेट घेताना एकच विचारा: फळ खुडून काढलं की फांद्या छाटून? फांदी छाटली की पुढच्या वर्षीचा बहर गेला. जुनी जाणती माणसं फांदीला हात लावत नाहीत आणि असा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्यांना आवडतं.

फोडणं, कुटणं, ठेवणं

सुरवारी हिरडा एक दिवस कडक उन्हात ठेवा. मग दगडी खलात किंवा पाट्यावर हलक्या हाताने ठेचा, साल फुटून आठळी वेगळी होते. आठळ्या बाजूला काढा. साल कुटून किंवा मिक्सरमधून काढून तलम कापडाने गाळा, त्यालाच वस्त्रगाळ म्हणतात. चाळणीने चाळलेलं चूर्ण घशाला बोचतं.

लोखंडाचा खल, लोखंडी कढई, गंजलेली सुरी यांपासून हिरडा लांब ठेवा. टॅनिन आणि लोह एकत्र आलं की गर्द काळा रंग होतो. पूर्वी याच गुणावर शाई तयार होत असे. पाहायचं असेल तर चमचाभर हिरड्याच्या पाण्यात गंजका खिळा टाकून बघा, मुलांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे. औषध करताना मात्र स्टील, काच, दगड, माती यांचीच भांडी.

अख्खी फळं कोरड्या बरणीत वर्षभर छान राहतात. चूर्णाचा जोर दोन महिन्यांनंतर उतरतो असं आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी लिहून ठेवलं आहे, म्हणून एका वेळी मूठभर फळांचंच चूर्ण करा आणि काचेच्या बाटलीवर तारीख चिकटवा.

पहिला वापर: गुळण्या

नवख्यांना मी पोटात घ्यायला सांगतच नाही. पहिला आठवडा फक्त गुळण्या करा. सुरवारी हिरड्याच्या सालीचे तीन-चार तुकडे दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळा, एक कप उरला की गाळून कोमट होऊ द्या. तोंड आलं असेल, हिरड्या सुजल्या असतील, घसा खवखवत असेल तर दिवसातून दोनदा या काढ्याच्या गुळण्या करून थुंकून टाका. तुरटपणा तोंडाच्या आतल्या त्वचेला आकसून घेतो, त्यामुळे आराम वाटतो. या आठवड्यात चवीची ओळख होते आणि चुकण्याला जागा फारशी नाही. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर गुळण्या करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

पोटात घेण्याच्या चार रीती

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एकच फळ, पण रीत बदलली की काम बदलतं. परंपरेने चार रीती सांगितल्या आहेत: चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर पोट साफ करतो, वाफवला तर उलट मळ बांधतो, आणि भाजून घेतला तर वात, पित्त, कफ या तिन्ही दोषांना शमवतो. पोट बिघडलं असताना कुणी ऐकीव माहितीवर चूर्ण घेतं आणि त्रास वाढतो, तो या फरकाकडे दुर्लक्ष केल्यामुळेच.

चावण्यासाठी बाळहिरडाच बरा. जेवणानंतर एक छोटा तुकडा गालात धरून हळूहळू चघळायचा. कोरड्या खोकल्याची ढास येते तेव्हाही हाच तुकडा कामाला येतो.

भाजण्याची घरगुती रीत अशी. लहान स्टीलच्या कढईत थोडं साजूक तूप किंवा एरंडेल तापवा, बाळहिरडे टाका, आच मंद ठेवा. काही क्षणांत ते फुगतात, टम्म होतात. लगेच काढा, करपले तर कडूझार लागतात. गार झाले की बोटांनी चुरडतात. एरंडेलात फुलवलेल्या या हिरड्याचं चूर्ण जुन्या बद्धकोष्ठावर वैद्य देतात.

चूर्णाचं प्रौढांसाठीचं शास्त्रोक्त प्रमाण दिवसाला तीन ते सहा ग्रॅम आहे. ते वैद्यांच्या देखरेखीतलं. तुम्ही रात्री झोपताना पाव चमचा, म्हणजे साधारण एक ग्रॅम, कोमट पाण्याबरोबर घ्या आणि तीन-चार दिवस थांबून पाहा. मुरडा आला, जुलाब झाले तर बंद. सलग आठवड्यापेक्षा जास्त दिवस घ्यायचं मनात असेल तर आधी वैद्यांना नाडी दाखवा. शौचाची सवय अचानक बदलली असेल, रक्त पडत असेल, वजन घटत असेल तर हिरडा हे त्याचं उत्तर नाही, तपासणी करून घ्या.

ऋतूप्रमाणे सोबतीची वस्तू बदलण्याची प्रथाही आहे: पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. गुळाबरोबरची चव सगळ्यात सोपी.

त्रिफळा घरी करायचा असेल तर एक गंमत ऐका. काही जण तिन्ही चूर्णं समभाग घ्यायला सांगतात, काही जण एक हिरडा, दोन बेहडे, चार आवळे असं सांगतात आणि यावरून वाद घालतात. जुन्या मापात हिरडा दोन कर्षांचा, बेहडा एकाचा आणि आवळा अर्ध्याचा. म्हणजे फळं एक, दोन, चार मोजून घेतली की वजन समानच होतं. आजची फळं त्या मापाची नसतात, तेव्हा सरळ वजनकाट्यावर समभाग घ्या. बेहड्याच्याही बिया काढून टाका.

कुणी घ्यायचा नाही

हे गाळून पुढे जाऊ नका. प्रवासाने किंवा श्रमाने थकलेला, अशक्त, कृश, रुक्ष प्रकृतीचा, उपासाने क्षीण झालेला, पित्त वाढलेला, नुकतंच रक्त गेलेला माणूस आणि गर्भवती स्त्री यांनी हिरडा खाऊ नये, असं जुन्या वैद्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. आई रागावेल, पण पोटातला हिरडा कधी रागावत नाही, या अर्थाचं सुभाषित सगळे ऐकवतात. ही मनाई मात्र फारसं कुणी ऐकवत नाही, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे.

त्यात आजच्या दोन गोष्टींची भर घाला. हिरड्यातलं टॅनिन लोहाला पकडून ठेवतं, म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही एकत्र घेऊ नका, मध्ये काही तासांचं अंतर ठेवा. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच नको.

बाळघुटीबद्दल

सहाण म्हटली की मला आजीची घुटी आठवते. आंघोळीनंतर सहाणेवर आईच्या दुधात बाळहिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड यांचे मोजके वेढे द्यायचे, "हिरड्याचे दोन, वेखंडाचा एकच" अशी मापं तोंडपाठ. त्या वेढ्यांत किती विचार होता हे मोठेपणी कळलं, कारण मात्रा इतकी सूक्ष्म ठेवायला दुसरा उपाय नव्हता.

तरीही सांगते, आजच्या नव्या आईने ऐकीव मापाने घुटी सुरू करू नये. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपले बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. अस्वच्छ सहाण, जुनाट मुळ्या, जायफळ-वेखंडाचा चुकलेला वेढा, यांनी तान्ह्या जिवाला इजा होऊ शकते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगणं अवघड जातं, मला माहीत आहे. त्यांची सहाण जपून ठेवा, तिच्यावर मोठ्यांच्या घशासाठी हिरडा उगाळा.

उगाळण्याची रीत सोपी आहे: स्वच्छ सहाणेवर चार थेंब कोमट पाणी, बाळहिरडा चिमटीत तिरका धरायचा, एकाच दिशेने गोल फिरवायचा. दहा-बारा वेढ्यांत तपकिरी गंध सुटतं. ते चमचाभर मधात कालवून चाटायचं. काम झालं की हिरडा पुसून, उन्हात सुकवून मगच डबीत ठेवायचा, नाहीतर बुरशी धरतो.

जागा असेल तर एक रोप

हिरडा सावकाश वाढतो, फळ धरायला बरीच वर्षं घेतो. आठळी कठीण असल्याने बी उगवायलाही वेळ लागतो. तेव्हा रोपवाटिकेतून निदान हातभर उंचीचं रोप आणा आणि मृगाचे दोन पाऊस झाले की लावा. पाणी साचणारी जागा नको. पहिली दोन-तीन वर्षं गुरांपासून जपा आणि उन्हाळ्यात पाणी द्या. माझ्या गावच्या बांधावरचं रोप आता माझ्या खांद्याला लागतं. अजून तुरा आलेला नाही. मार्च लागला की तरी मी रोज सकाळी शेंडा पाहून येते.